रस्त्यावर वाळत घातलेलं भात

पुत्झू,
१४ नोव्हेंबर १९९८

ती. पाऊ-चू आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण तो बाबांच्या खोलीत आहे आणि हे त्यांच्या देखत बोलता यायचं नाही.

मंगळवारी शिवलेले कपडे पोचवून मी स्कूटरवरून परतत होते. गावच्या वळणावर पुढचा मोटरसायकलवाला रस्त्यात वाळत घातलेल्या भातावरून घसरला आणि कालव्याच्या कठड्यावर आपटला. मी स्कूटर आडवी लावून मागचा ट्रक थांबवला आणि चहावाल्याला अँब्युलन्स बोलवायला पिटाळलं. दोघं जण त्या पोराचं हेल्मेट ओढायला निघाले होते. म्हणे गुदमरेल, पाणी पाजू. श्वास चालू आहे, मग मान हलवायची कशाला? मी कुणाला हात लावू दिला नाही. हेल्मेटची काच तेवढी वर केली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून तिथेच बसून राहिले. बाकीचं गाव धावत आलं ते झाडू घेऊन. अँब्युलन्स पोचली तेव्हा रस्त्यावर दाणा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी फळांची टोपली घेऊन दवाखान्यात गेले. च्युन-हुंग त्याचं नाव. तो गुंगीत होता. त्याच्या आईने टोपली पाहिली, मला पाहिलं आणि विचारलं, की माझ्या मुलाला धडक कशी दिलीस. आता त्या बाई मला तालुक्याच्या तडजोड समितीसमोर ओढणार आहेत. बाबा म्हणतात, वाकून माफी माग, भरपाई देऊ, विषय संपव. मी नाही मागणार.

लोभ आहेच, या खेपेला जरा बाजूही घे.

तुझी
सू-लुआन

ताइनान,
१८ नोव्हेंबर

चि. सू-लुआन हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं, फळांची टोपली घेऊन कोण जातं? ज्याने पाडलं तो. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. डोकं धरलंस ते चांगलं केलंस, पण मग आपल्या पायांनी जाऊन कबुली कशाला दिलीस? तुझी अक्कल सुईसारखी तीक्ष्ण, पण शिवणापुरतीच.

तू खोटं बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. पण भाताचं नाव काढलंस, तर पोलीस गावात कुणालाच रस्त्यावर वाळवण घालू देणार नाहीत. तेवढी अंगणं आहेत कुणाकडे? लोक तुम्हाला वाळीत टाकतील. उद्या माझ्या दादाच्या, तुझ्या बाबांच्या, शवपेटीला खांदा द्यायला कुणी यायचं नाही. थोडं वाक, पोरी. वाकल्याने कंबर मोडत नाही.

एक मात्र सांग. दादा फोनवर तासभर बोलला, पण भात कुणाचं होतं ते काही सांगेना. कुणाचं होतं?

आत्याचं बोलणं कडू लागलं, तरी माया कमी समजू नकोस.

तुझी आत्या
पाऊ-चू

पुत्झू,
२७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आमचंच होतं. आणि पहिला झाडू बाबांचा होता. आधीच्या पत्रात हे लिहायला हात धजला नाही.

काल समितीसमोर गेलो. बाबा मला डोळ्यांनी खुणावत होते, की वाक. च्युन-हुंगच्या आईने विचारलं, पाडलं नव्हतंस तर थांबलीस कशाला? मी म्हटलं, माणूस पडला म्हणून थांबले. भात आमचं होतं, झाडू माझ्या वडिलांचा होता. त्याची भरपाई आम्ही देऊ. पण न दिलेल्या धडकेची माफी मी मागणार नाही. आज मी ती मागितली, तर या रस्त्यावर पुन्हा कुणासाठी कुणी थांबणार नाही, आणि पडणारे उद्या बाबाच असतील.

आमचे गावप्रमुख उठून चालते झाले. त्या बाई मात्र माझ्याजवळ आल्या. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, की कुणीतरी मान हलू दिली नाही म्हणून पोरगा चालणार आहे. ते हात तुझे का, असं विचारून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मग त्याही रडल्या आणि मीही.

परतताना बाबा स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. वळणावर थांब म्हणाले. उतरून कठड्याशी गेले आणि मला पाठमोरे राहूनच म्हणाले, की पोरगं समोर दिसत होतं, तरी मी आधी भाताकडे धावलो.

गावाने खरंच बोलणं टाकलंय. शिवणाचं एक काम येत नाही. नाही तर नाही. यांच्यातलं कुणी उद्या त्या वळणावर पडलं, तर त्याचंही डोकं मीच धरीन. माझ्यावर रागवायचं ते त्याने बरं झाल्यावर रागवावं.

माया असू दे, आणि रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी
सू-लुआन