आईच्या वस्तूंची यादी

अबुधाबी, ११ मे १९९९

प्रिय लिली,

तुला आणि पप्पांना खूप प्रेम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. पप्पा गोळ्या घेतात ना?

आईच्या मातीला यायला मला सुटी मिळाली नाही, त्यावर आता बोलायला नको.

तू कामाचं विचारलंस. इंग्लंडमधल्या एका परगण्याची तीनशे वर्षांपूर्वीची मृत्युपत्रं आम्ही मायक्रोफिल्मवरून कॉम्प्युटरवर चढवतो. तेव्हा मृत्युपत्र चर्चच्या कोर्टात मंजूर व्हायचं. माणूस गेला की शेजारी त्याच्या घरात जाऊन खोलीवार वस्तूंची यादी करायचे आणि ती कोर्टात द्यायचे. मी त्या याद्या वाचतच बसते. आमचे साहेब विल्फ्रेड ओरडतात, "यल्ला मरिसा, आटप, मेलेल्यांना घाई नाही, क्लायंटला आहे!"

रविवारी तुम्ही आईच्या वस्तू वाटणार आहात. वाटा. मला काही नको. फक्त त्याआधी तू तशी यादी कर. एकेक खोली घे आणि कोणती वस्तू कुठे होती ते लिही. किमती नकोत. मी येईन तेव्हा सगळं हललेलं असेल, आणि शेवटी घर कसं होतं ते मी पाहिलेलं नाही.

काल एका बाईच्या यादीत स्वयंपाकघर दोन ओळींत संपलं. खाली लिहिलं होतं, "इतर किरकोळ सामान".

तू तसं लिहू नकोस. पळी असेल तर पळी लिही. दांडा सैल असेल तर तेही लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
मरिसा