फरसबीच्या बरण्या

४ ऑगस्ट
फरसबी, फरसबी आणि फरसबी! सासरेबुवांनी परसात वेल असे चढवलेत की तोडाव्या तेवढ्या शेंगा वाढतात. शेजारणी मला पाहिलं की दार लोटून घेतात. फ्रीजमध्ये बोट ठेवायला जागा नाही. आज नवऱ्याचा डबा तसाच परत आला.

६ ऑगस्ट
सुचलं — बरण्या! शिरा काढल्या, उकळल्या, मिठाच्या पाण्यात बुडवल्या, झाकणं घट्ट. ओट्यावर रांग लावली, हिरवीगार. जिवाला बरं वाटलं.
संध्याकाळी नणंद घाईघाईत येऊन गेली. तिला एक बरणी दिली. माझ्या हातच्या कशालाही नाव ठेवल्याशिवाय राहत नाही ती. आज नुसती पिशवीत टाकली.

११ ऑगस्ट
शाळेच्या ऑफिसात जेवताना बरण्यांची फुशारकी मारली. शास्त्राच्या बाईंनी हातातला घास खाली ठेवला. व्हिनेगर घातलंत का? नाही. मग आजच फेका म्हणाल्या. शेंगांना आंबटपणा नसतो, नुसत्या उकळून सगळे जंतू मरत नाहीत, बंद बरणीत विष तयार होऊ शकतं. वास नाही, रंग नाही — कळतही नाही.
घरी आल्या आल्या सगळ्या फेकल्या. सासरेबुवा बघत होते. कारण सांगितलं, तर एवढंच म्हणाले, "आणि पोरीकडची?"
फोन हातात घेतला, ठेवला. काय सांगू? अगं, वहिनीनं विष दिलंय, खाऊ नकोस? जन्मभर ऐकवेल.
उद्या करते.

१२ ऑगस्ट
डोळ्याला डोळा नाही. सकाळपासून फोन करतेय, तिचा बंद. लाज सोडून मेसेज टाकला. दुपारी तिच्या नवऱ्याला लावला. झोपलीय म्हणाला, आणि ठेवला.
भरदुपारी झोपलीय? ती?
ऑफिसात एकाच मुलाचा दाखला दोनदा लिहिला. माझा नवरा म्हणतो, काही असतं तर कळवलं असतं. कालच का नाही केला मी फोन?

१३ ऑगस्ट
बसले की उठते, उठले की बसते. संध्याकाळी नवरा तिच्याकडे निघायला चपला घालत होता, तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर — तीच! माझा मोबाइल फुटलाय म्हणाली. मी एका दमात सगळं ओकले. ती म्हणाली, बरणी उघडलेलीच नाही, देते फेकून. मी होते तिथेच फरशीवर बसले.
"वहिनी, माझ्यासाठी एवढी घाबरलीस तू?"
आवाज बसलेला. मोबाइल कसा फुटला विचारलं, तर तिनं फोनच ठेवला.

१४ ऑगस्ट
सकाळी दारात उभी. हातात बॅग, मनगट काळंनिळं. सासरेबुवा दार धरून बाजूला झाले.
"वहिनी, राहू का इथे?"
बॅग मी आत घेतली.