गच्चीभर फ्रॉक

ता. ४ जानेवारी

चि. बॉबिन हिस बाबांचे अ. आ.

पत्रास कारण, मी घर बदललं. आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

मागच्या वर्षी तुझं विमान आपल्या विमानतळावर तासभर थांबून पुढे गेलं आणि मला ते महिन्याने कळलं. तू तासभर इथे होतीस आणि मी चार तासांच्या वाटेवर कोणाच्या तरी कोटाला बटणं लावत होतो. तेव्हापासून जिवाला घोर लागला. म्हणून विमानतळाच्या मागच्या वस्तीत एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं, अकरा महिन्यांच्या कराराने. इतकं जवळ, की खिडकीतून विमानतळाची भिंत दिसते. आता विमान थांबलं की तू उतरायचं, घरी येऊन गरम दोन घास खायचे आणि परत जाऊन बसायचं. बस थांबली की माणसं चहाला उतरतातच की. फक्त किती मिनिटं थांबतं ते नीट विचारून ठेव, नाहीतर तुला सोडून जातील. मला त्याचीच धास्ती आहे.

घरमालकीण निवृत्त मास्तरीणबाई आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की आवाजाची तक्रार चालणार नाही, आणि गच्चीवरचं काही उडून विमानतळात गेलं तर माझी धडगत नाही. आवाजाचं म्हणशील तर माझे कान निम्मे आधीच गेलेत. पण दुपारी एक गंमत होते. विमानाची सावली खिडकीतून आत येते, मशीनवरून, माझ्या हातावरून जाते आणि समोरच्या भिंतीवर चढून नाहीशी होते. हाताला काही लागत नाही, तरी मी क्षणभर सुई थांबवतो. कोणी पाहुणं आत येऊन न बोलता निघून गेल्यासारखं वाटतं.

फोन करू नकोस, विमान मध्येच बोलतं. पत्रच लिही. चौथी शिकलेल्या माणसाची चूकभूल सांभाळून घे. लोभ आहे, तो ढिला पडू देऊ नकोस.

तुझे बाबा

ता. २३ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रागावले, आणि मग हॉस्पिटलच्या जिन्यात बसून पत्र तीनदा वाचलं. बाबा, चाळीस वर्षांचं शिवणकामाचं दुकान एका तासासाठी सोडलंत? विमान म्हणजे बस नव्हे. ते तिथे फक्त तेल भरायला थांबतं. आम्हाला उतरू देत नाहीत, खुर्चीतच बसून राहावं लागतं. मागच्या खेपेला म्हणूनच आधी कळवलं नाही. तुम्ही दाराशी येऊन उभे राहिला असतात आणि मी आत पट्टा बांधून. हे कसं सांगायचं म्हणून तोंडाला कुलूप घातलं. चूक माझी.

१६ मार्चला मी पुन्हा तिथूनच जाणार आहे. वॉर्डातल्या आम्हा तिघी नर्सना तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी पाठवताहेत. विमान दुपारी दोन ते चारच्या मध्ये कधीतरी उतरेल. रजा मात्र पुढच्या वर्षीच. तेव्हा त्या खोलीचा हट्ट सोडा आणि परत जा. मला तुमचे उरलेले निम्मे कान हवेत.

एक विचारू? ती सावली किती वाजता येते?

आशीर्वादाची आणि खरडपट्टीची वाट पाहणारी, तुमच्या मशीनमधल्या बॉबिनसारखी अजून गरगर फिरणारी,
तुमची बॉबिन

ता. ११ फेब्रुवारी

चि. बॉबिनला अ. आ.

तुझं पत्र आलं. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. मास्तरीणबाईंनी विचारलं की घरात कोणी गेलं का. मी म्हटलं, गेलं नाही, येणार नाही. सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्या आधी पोट धरून हसल्या, मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

सावली पावणेतीनला येते.

मग मला सुचलं. उतरता येत नाही, पण विमानाला खिडकी तर असते? तुझा पिवळा फ्रॉक आठवतो का? तू पहिलीत असताना शिवलेला, तू डावखुरी म्हणून खिसा डाव्या बाजूला लावलेला. तसाच शिवतोय, फक्त गच्चीएवढा. दुकानातून अस्तराचे पिवळे तुकडे गोणीभर आणले होते, ते कामी आले. माप कागदावर मावेना म्हणून फरशीवर खडूने आखलं. आता मी जेवतो बाहीत आणि झोपतो घेरात. स्वप्नातही पिवळंच दिसतं. परवा वाटलं, फ्रॉकमध्ये वारा भरला आणि अख्खं घरच अलगद उचललं गेलं. जागा झालो तर पेल्यातलं पाणी अजून थरथरत होतं. पुढे उसवून वाढवता यावा म्हणून शिवणीत चार बोटं माया ठेवली आहे, जुनी सवय.

पण तुला खिडकी मिळणार नाही, ढग येतील, तुला नेमकी डुलकी लागेल, एक ना दोन. शिवाय बाईंना अजून गच्ची मागितलेली नाही. धीर होत नाही. तू मात्र खिडकीची जागा मागून घे. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.

मनात ठेव, एवढंच.

तुझे बाबा

ता. १९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाहिला!

खिडकी मिळाली नव्हती. तिथे ओव्हरकोटातले एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांना सांगितलं की खाली माझा फ्रॉक पसरलाय, तो बघायचाय. ते माझ्याकडे बघतच राहिले, पण उठले. विमान कललं. सगळी छपरं राखाडी, आणि त्यात तो! माझ्या नखाएवढा, पिवळा, दोन्ही बाह्या पसरलेला. मी काचेवर बोट ठेवलं तर तो बोटाखाली झाकला गेला, म्हणून घाबरून बोट काढलं. विमान आणखी खाली आल्यावरही खिसा मात्र दिसला नाही, त्याच्यावर कोणीतरी ठाण मांडून बसलं होतं.

आणि गळ्यापाशी तुम्ही. दोन्ही हात हलवत होतात, पण आमच्याकडे पाठ करून! भलत्याच, उडून चाललेल्या विमानाला! मी इतकी हसले की त्या गृहस्थांनी मला रुमाल दिला, आणि तो मी ओला करून परत केला. नंतरचा तासभर पट्टा बांधून बसले होते, पण घरी बसल्यासारखी.

आता झालं ना मनासारखं? ते घर सोडा, बाबा. माझं ऐका.

तुमचीच,
बॉबिन

ता. ७ एप्रिल

चि. बॉबिनला अ. आ.

तुझं पत्र मास्तरीणबाईंना वाचून दाखवलं. खिशावर त्याच होत्या. त्या दिवशी सकाळी मी धीर करून विचारलं, तर म्हणाल्या की उडून गेला तर निस्तरावं मलाच लागेल, त्यापेक्षा मीच वजन म्हणून बसते. बाह्यांवर दोन इस्त्र्या, घेरावर कुंड्या, खिशावर बाई. खिसा झाकला गेल्याबद्दल त्या दिलगीर आहेत, असं मुद्दाम कळवायला सांगितलंय.

भलत्या विमानाला हात केला म्हणून हसलीस. अगं, मला एवढ्या लांबचं दिसतं कुठे? मोतीबिंदूमुळे विमान म्हणजे एक चकाकता ठिपका, आणि सगळे ठिपके सारखेच. तू दोन ते चार लिहिलं होतंस. म्हणून दोनपासून चारपर्यंत जे आलं त्यालाही हात केला आणि जे गेलं त्यालाही. न जाणो, तुझं तेवढं सुटायचं. बाकीच्या विमानांतही कोणाच्या तरी मुली असतीलच. त्यांनी तो हात आपापल्या बापाचा समजावा.

घर सोडत नाही. करार संपायला आठ महिने आहेत आणि तुझी परतीची वाट इथूनच आहे. तारीख कळव. फ्रॉक घडी करून मशीनखाली ठेवला आहे. एका बाहीला कुंडीच्या मातीचा डाग पडलाय, तो निघतो की नाही ही नवी काळजी.

पावणेतीनची सावली अजून येते. पूर्वी मी सुई थांबवायचो. आता हात वर करतो.

लोभ आहे तसाच घट्ट असू दे.

तुझे बाबा