अहो, श्वास घ्या

३ जानेवारी, चिखली
यांच्या झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आला. झोपेत श्वास थांबतो म्हणे. नवीन काय सांगितलं? लग्नापासून कोपर मारून ‘अहो, श्वास घ्या’ म्हणत मीच तर हा माणूस चालू ठेवला आहे.
झोपेत हवा देणाऱ्या मशीनचा मास्क लावला की हवा पोटात जाते, आंबट पाणी घशाशी येतं, हे मास्क फेकतात. म्हणून ऑपरेशन. पण डॉक्टर म्हणतात आधी पित्त आटोक्यात आणा, नाहीतर घशातली जखम भरायची नाही. ठेचा बंद. यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

१९ जाने.
ऑपरेशन पुढे ढकललं. घसा अजून लालभडक. काय खाल्लं विचारलं तर म्हणे, “एकादशीले साबुदाना फक्त. उपासाचं थोडीच बाधते?” हिरव्या मिरच्या घालून, वर दाण्याची आमटी, आणि लगेच आडवे! एकादशी अन् दुप्पट खाशी.

२२ फेब्रु.
झालं एकदाचं. घशातली सैल चामडी काढली. गार दूधभात. घोरणं गेलं. घर इतकं गप्प की मलाच झोप येत नाही.

१५ मार्च
डॉक्टर म्हणाले, घोरणं गेलं म्हणजे श्वास थांबणं गेलं असं नाही, पुन्हा तपासणी करा. हे घरी येऊन, “आवाजच नाही तं मंग काऊन पुन्हा वायरी लावाच्या अंगाले?”

२१ मार्च
दुपारी दोघं आडवे झालो. फोनवर आवाज भरायला लावला होता. संध्याकाळी ऐकला. यांचा श्वास, श्वास, मग काहीच नाही. मग माझा आवाज, ‘अहो, श्वास घ्या.’ लगेच श्वास. पुन्हा तसंच. आणि मी तर गाढ झोपले होते.
हे हसले. “झोपेतही मास्तरीनच तू!”
मला भीती वाटली. मी नसले तर?

२८ मार्च, बीबी
लेकीच्या गावी आले. प्रिया बाळंत झाली. मुलगी! नाक आजोबांचं. निघताना यांच्याकडून तपासणीचं कबूल करून घेतलंय. तोवर रोज झोपेचा आवाज भरून पाठवायचा.

३० मार्च
यांनी कालच्या दुपारचा आवाज पाठवला. घरात एकटेच. श्वास, श्वास, मग थांबला. मी पदर तोंडाशी धरून बसले. आणि आला! आपोआप आला. रडूच कोसळलं. प्रियाला ऐकवलं.
ती म्हणाली, “आई, काल दुपारी झोपेत तू बडबडत होती. बाळ दचकलं. ‘अहो, श्वास घ्या’ म्हनत होती घडीघडी.”

३१ मार्च
आज दुपारभर बाळ रडत होतं. मांडीवर घेऊन बसले, डोळ्याला डोळा लागला नाही.
यांच्या दुपारच्या झोपेची वेळ झाली तेव्हापासून फोन लावते आहे. रिंग जाते. जागेपणीच मोठ्यानं म्हणून पाहिलं, अहो, श्वास घ्या. प्रिया माझ्याकडे बघतच राहिली.
चिखलीला शेजारच्या वहिनींना कडी वाजवायला पाठवलं आहे. त्या फोनवर सांगतात, अजून दारातच उभ्या आहेत, आतून कोणी उघडत नाही.