मालक गाडीत पाहिजे

१० फेब्रुवारी, सोमवार

काल विजयाचं, माझ्या बायकोचं, तेरावं झालं. आज सकाळी शेवटचे पाहुणे गेले. मांडववाला बांबू घेऊन गेला. मोठी भांडी परत केली. दुपारी कालचाच भात खाल्ला.

अंकुश, विजयाचा धाकटा भाऊ, सगळ्यात शेवटी निघाला. त्याच्या बायकोने फोटोपुढे उदबत्ती लावली होती. मी ती उचलून रस्त्यावर नेऊन विझवली. मागच्या खोलीत रेशमाच्या किड्यांची अंडी येऊन पडली आहेत, त्यांना धूर चालत नाही. चॉकीचं काम, म्हणजे अळ्या लहानपणी वाढवून शेतकऱ्यांना द्यायचं, सुरू केल्यापासून घरात उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. हे विजयानेच पाळलं, मला सांगावं लागलं नाही. अंकुश म्हणाला, "बहिणीला उदबत्ती न्हाई आन् किड्यांला मातर कूलर."

मग चप्पल घालताना म्हणाला, "एक इचारू का दाजी? थंडीत, पहाटं पहाटं तिला कावून न्हेत होता गाडीत? छातीत कफ भरला तो कशानं?"

मी म्हणालो, नियम आहे. गाडी दिव्यांग म्हणून तिच्या नावावर घेतली, सवलत घेतली. मालक गाडीत पाहिजे.

"नियम," म्हणाला आणि गेला.


११ फेब्रुवारी

पहाटे जाग आली, चॉकी पोचवायला निघायच्या वेळेला. विजयाच्या पायांतल्या कॅलिपरचा गुडघ्याजवळचा खटका लागल्याचा आवाज आला. उभी राहताना ती तो लावायची. पडून राहिलो. पुन्हा आला नाही. कॅलिपर कपाटाच्या मागे आहेत, मीच ठेवलेत.

गाडीवरचं कापड काढलेलं नाही.


१२ फेब्रुवारी, बुधवार

अंडी फुटली. काळ्या अळ्या, पेनाच्या रेघेएवढ्या. तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून घातला. हे चिरायचं काम विजयाचं. मी चिरलं ते जाड झालं, दुसऱ्यांदा चिरलं.

ही ऑर्डर तिनेच फोनवरून दिलेली, दवाखान्यात जायच्या आधी. चकलांब्याची आणि उमापूरची माणसं वाट बघत असणार, त्यांची तुती पाल्यावर आली आहे. अळ्यांनी दुसरी कात टाकेपर्यंत त्या आपल्याकडे. मग एका सकाळी शेतकऱ्यांच्या शेडवर पोचवायच्या. तो दिवस पुढे ढकलता येत नाही.

कशात नेणार, हा प्रश्न आहे. मालक गाडीत नाही.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एस.टी.ने बीडला गेलो. आरटीओ. मृत्यूचा दाखला, गाडीची कागदं. आतला माणूस म्हणाला, वारसाच्या नावावर करून घ्या, सवलत पुढे चालणार नाही, विकायची तर मुदत संपेपर्यंत थांबावं लागेल. वापराचं काय, असं विचारलं तर म्हणाला, बाहेर माहितगार माणसाला विचारा.

बाहेर मोमीनभाई. गाडी घेतली तेव्हा कागद त्यांनीच केलेले. बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. विजयाचं कळल्यावर थोडा वेळ डोक्यावरची टोपी नुसती सारखी करत राहिले.

मी विचारलं, मालक नसताना तोवर गाडी चालवली तर काय होतं. कागद होईपर्यंत.

त्यांना प्रश्न कळला नाही. म्हणाले, "तुमी आदी बी चालवतच होते ना?"

म्हणालो, ती शेजारी असायची. नियम आहे ना तसा.

"असा नियम न्हाई भाऊ. मालकाच्या सोईसाठी गाडी, घरच्या मानसानं चालवली तर चालती. औषध आनायला गेले, बाजार आनला, बाई घरी असल्या तरी चालतंय. फकत धंद्याला लावायची न्हाई. भाडं न्हाई, धंद्याची ने-आन न्हाई."

"मालक आत बसला असला तर?"

"बसला तरी धंदा तो धंदाच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाईंनी हे तवाच इचारलंतं. ह्याच बाकड्यावर बसून. मी हेच सांगितलंतं. तुमी तिकडं झेरॉक्सला गेलते. त्यांनी सांगितलं न्हाई?"

मी म्हणालो, सांगितलं असेल.

अर्ज भरून दिला त्यांनी. सही तेवढी बाकी. म्हणाले, घरगुती वापर लिहिलाय, किड्यांचं नाव काढू नका.

परत येताना उभा राहून आलो. जागा होती.


१५ फेब्रुवारी

म्हणजे दोन वर्षं जो नियम पाळला तो नव्हता, आणि जो होता तो दर खेपेला मोडला.

आणि तिला ठाऊक होतं.

तिने मला सांगितलेलं शब्द न् शब्द आठवतं. गाडी घरी आणली त्या दिवशी पेढा खाताना म्हणाली, "आता माझ्याबिगर गाडी हलवायची न्हाई हं. मालक गाडीत पायजे, न्हाईतर सवलत काढून घेतात." शाळेत बावीस वर्षं परिपत्रकं वाचलेली बाई. मी कशाला तपासायला जातो.

पहाटे उठून ती कॅलिपर चढवायची. त्यालाच अर्धा तास. वर स्वेटर, वर माझी मफलर. मी ट्रे भरायचो. मग तिला धरून बसवायचं, व्हीलचेअर मागे, उरलेल्या जागेत ट्रे. कितीदा वाटायचं, काय हा नियम, दुखणाईत बाईला ओढत न्यायचं. तसं बोललोही. ती म्हणायची, "नियम हाय, करता काय."

कशासाठी?


१६ फेब्रुवारी, रविवार

कापड काढलं. आत बसलो, ड्रायव्हरच्या जागी. सुरू केली नाही. तिची सीट पूर्ण मागे, पाय लांब ठेवता यावा म्हणून. तिच्या बाजूच्या काचेवर आतून बोटांचे ठसे आहेत. गावात बायका काचेशी आल्या की ती काच खाली करताना हात टेकवायची.

पुसायला फडकं घेतलं होतं. परत ठेवलं.

अळ्यांनी पहिली कात टाकली.


१७ फेब्रुवारी, सोमवार

शेजारच्या बाबूचा पिकअप ठरवला. त्याने धुऊन आणला. वास घेतला तर फवारणीच्या औषधाचा वास, लाकडात मुरलेला. बाबू म्हणाला, "काका, मला तं साबनाचाच येतोय." एका ट्रेमध्ये थोड्या अळ्या घालून मागे ठेवून बघितल्या. तासाभराने त्या पाल्यावर चढेनात. नुसत्या माना उचलून हलवत होत्या. त्या टाकून द्याव्या लागल्या.

बाबूला परत पाठवलं. म्हणाला, "तुमची गाडी दारात असताना माझी कावून बघता पर?"

सांगितलं, काकीची आहे. त्याला वाटलं दुःखामुळे. तेही असेल.


१८ फेब्रुवारी

विजयाचा फोन वाजतो. तो चार्ज करून ठेवतो, कारण शेतकऱ्यांकडे तिचाच नंबर आहे. आज उमापूरहून एक जण म्हणाला, "बाईला द्या."

म्हणालो, बाई नाहीत.

"कवा येतील?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी "सांगतो" म्हणालो.

संध्याकाळी अंकुशचा फोन. माझ्या फोनवर. आई विचारते आहे म्हणाला, त्या नियमाचं. ती गावात सगळ्यांना सांगते, सरकारचा नियमच तसा होता, जावयाचा काय दोष. म्हणाला, "तेवढंच तिला बरं वाटतं." मग म्हणाला, "मी त्या दिशी बोललो ते मनाला लावून घेऊ नका. नियम असल्यावर तुमी तरी काय करनार."

बीडला गेलो होतो हे मी सांगितलं नाही.


१९ फेब्रुवारी, बुधवार

चकलांब्याच्या गयाबाई आल्या, गेवराईला काम होतं म्हणून. त्यांच्याकडे दोन शेड आहेत, आमची पहिली चॉकी त्यांनीच घेतली. पायरीवर बसून आधी रडल्या. मग डोळे पुसून हसायला लागल्या. पहिल्याच खेपेला विजया त्यांना गाडीतून म्हणाली होती, "तुतीला पानी दिलंय का, का नवऱ्यासारखं तिलाबी वाळत घातलंय?" नवरा मागेच उभा होता.

मला हे ठाऊक नव्हतं. मी ट्रे उतरवत असायचो. गाडीपाशी हसणं ऐकू यायचं, कशावरून ते मी कधी विचारलं नाही.

चहा केला. गयाबाई म्हणाल्या, "उद्या-परवा येनार ना चॉकी?"

म्हणालो, बघतो. गाडीचं जरा अवघड आहे.

"त्यो नियम का?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मग हळू म्हणाल्या, "आता सांगायला हरकत न्हाई. बाईंनी आमाला सांगितलंतं. नियम बियम काय न्हाई म्हने."

मी विचारलं, मग का यायची.

त्यांनी कप खाली ठेवला. "मी बी इचारलंतं की, एवढ्या थंडीत कावून येता बाई. तं म्हनल्या, शाळा सुटल्यापसून घरात भित्तीच बगते. नियम न्हाई म्हनून कळलं, तं हे मला मायेनं घरी निजवतील. न्हाईतर दया करून न्हेतील. दया करून न्हेलं तं गोड लागत न्हाई गयाबाई. नियमानं न्हेत्यात तेच बरं, हक्कानं बसता येतं."

जाताना म्हणाल्या, तुमी चांगलेच होते हो त्यांच्याशी. तसं काय न्हाई.

खरं आहे. मी मायेनं निजवलं असतं. एका शब्दाने. स्वेटर काढून ठेव, झोप, मी येतो दहापर्यंत.

आणि मग आज ती असती का, हे कोण सांगणार. डॉक्टरांनाही मी ते विचारलं नाही. फुप्फुस आधीचंच कमजोर, एवढंच ते म्हणाले होते.


२० फेब्रुवारी, गुरुवार

दुसऱ्या कातीला बसल्या. खाणं बंद. सगळ्या माना वर करून एका जागी. चार दिवस खोलीत पाल्याची कुरतड होती, आज काहीच नाही. चुना भुरभुरला आणि बाहेर येऊन बसलो. घरात एवढं शांत तेराव्यापर्यंतही नव्हतं, माणसं होती.

अंकुशला सांगितलं तर माझ्यावरचा उरलासुरला ठपका जाईल. तिच्या आईच्या मनात मात्र राहील की पोरीनेच खोटं बोलून स्वतःला थंडीत नेलं. नाही सांगितलं तर सरकारवर राहील. सरकारला काय फरक पडतो.

पण मला फरक पडतो का, ते बघावं लागेल.

मोमीनभाईंचा अर्ज टेबलावर. "घरगुती वापर" वाचलं. मालक फक्त फिरायला नेला असं वाचलं तर खोटं नाही. ट्रे नेले ते धरलं तर खोटं आहे. पेन उघडलं, बंद केलं. कागद होऊन गाडी माझ्या नावावर आली, सवलतीत माफ झालेला कर भरला, तर धंद्याला नेता येईल का, तेही नीट विचारायचं राहिलं. विचारायला पुन्हा बीड.

अळ्या त्यासाठी थांबणार नाहीत. उद्या सकाळी कातीतून उठतील.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उजाडायच्या आत ट्रे भरले. व्हीलचेअर नसल्याने मागे नेहमीपेक्षा जास्त मावले. मावले तेव्हा बरं वाटलं, मग ते बरं वाटलेलं नकोसं झालं.

तरी एक थप्पी उरली. ती ठेवायला पुढचीच सीट. थोडा वेळ दार उघडं धरून उभा होतो. शेवटी ठेवली. ओलं गोणपाट वरून.

गाडी सुरू करून फाटकाबाहेर काढली आणि टिंग टिंग सुरू झालं. समोर लाल दिवा, शेजारच्याने पट्टा लावला नाही म्हणून. गाडीला वजन कळतं, कोण ते कळत नाही. थांबलो. वाकून पट्टा ओढला, थप्पीवरून घेतला, खटकन लावला. आवाज बंद झाला.

चकलांब्यापर्यंत गाडी सावकाश नेली. तिच्या बाजूची काच थोडी खाली ठेवली, अळ्यांना हवा पाहिजे म्हणून.

वाटेत पोलीस उभे होते. हात केला नाही. केला असता तर काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं.

चकलांब्यात बायका काचेशी आल्या, सवयीने. ट्रे बघून मागे सरल्या. कोणी काही विचारलं नाही, गयाबाईंनी सांगून ठेवलं असणार. पुढची थप्पी त्यांनीच पट्टा काढून उचलली, आधी पदराने हात पुसून. उमापूरला मात्र मलाच सांगावं लागलं. तीनदा. तिसऱ्यांदा नीट सांगता आलं. एक म्हातारी म्हणाली, "आन् मंग आता तू एकटाच येनार का?"

म्हणालो, बघू.

परत येताना अंकुशचा फोन वाजत होता. गाडी चालवत होतो, घेतला नाही. घरी आल्यावरही केला नाही. अर्ज टेबलावर तसाच आहे.

अंडीवाल्यांचा फोन आला, पुढची बॅच किती धरायची. उद्या कळवतो म्हणालो.

ट्रे ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून एकेक घासले. कोपऱ्यात चिकटलेला पाला काडीने काढला. भिंतीला उभे लावले, आणि ऊन सरकलं तसे उन्हात ओढून घेतले.