मराठी पान उघडतं कोण

१० नोव्हें. २००८
आप्पांच्या कोल्हापुरातल्या पंप कारखान्यात अमरशी खडाजंगी. हा आप्पांचा धाकटा मुलगा, कारखान्याची वेबसाइट तोच बघतो. म्हणाला, "ताई, तुमच्या लेखांचं मराठी पान महिनाअखेर काढूया. इंटरनेटवर मराठी कोण वाचतंय?" पंप शेतकऱ्याला विकायचा आणि तो बिघडला तर काय करायचं, हे मात्र त्याला न कळणाऱ्या भाषेत सांगायचं! वीस वर्षं व्यासपीठावरून याच्याशीच भांडतेय. म्हटलं, आकडे काढ. हरले तर पान माझ्या हातानं काढीन.

१२ नोव्हें.
अमरनं मोजणीचं साधन दाखवलं. फुकटातलं. पान किती वेळा उघडलं, कुठून, किती वेळ कोण थांबलं. सभेत मान डोललेली दिसते; इथं नुसती आलेखाची रेघ. पण मराठीची रेघ दसऱ्यापासून चढती, इंग्रजीच्याही वर. अमरनं रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. मी नाही.

१३ नोव्हें.
वाचनालयातल्या भाषणात ती रेघ सांगितली. टाळ्या.

१५ नोव्हें.
आज नीट पाहिलं. जवळजवळ सगळे कोल्हापूरचे. सकाळी नऊला येतात, काही सेकंदांत जातात. कारखान्याच्या सुट्टीदिवशी कोणीच नाही. असले कसले वाचक?

१७ नोव्हें.
नऊला जाऊन उभी राहिले. ऑफिसातल्या सुजातानं कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली, माझं पान उघडलं, हात जोडले. मागं कामगारांची रांग. प्रत्येकानं एकदा पान उघडायचं, मग मशीनवर जायचं. दसऱ्याच्या पूजेपासून हा रिवाज.
सुजाता : "दिवसाची पहिली भवानी आपल्या हातानं केलेली बरी न्हवं, ताई?"
"मग इंग्रजी पान का नाही?"
"ते कुणाला वाचाय येतंय? देवाम्होरं न कळणारं कसं उघडायचं?"
माझा मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडला. पण रेघ खोटी ती खोटीच.

१८ नोव्हें.
गप्प बसता आलं असतं. आप्पा-अमरला सगळं सांगितलं. अमरचा चहा सांडला हसून. "सभा तुमची, आणि खुर्च्या बी तुमच्याच माणसांनी भरल्या की." बरोबर आहे. वाचनालयातही जाऊन सांगणार. साधनात कारखान्याचं कनेक्शन वगळायला लावलं. मागचं पुसता येत नाही, आजपासून नवी मोजणी. रिवाज मोडू नका म्हटलं, तो आता मोजला जाणार नाही.

२५ नोव्हें.
आठवडा झाला. इंग्रजीकडे पुष्कळ येतात आणि दारातूनच फिरतात. माझ्याकडे मूठभर. पण 'पंप पाणी का उचलत नाही' या लेखावर सहा-सात मिनिटं बसतात. हेच वाचन!
अमर : "पान उघडं ठेवून जेवाय गेले नसतील कशावरून?"
घरी येईपर्यंत उत्तर सुचलं. दोन्ही पानांच्या तळाशी एकच ओळ घालायची : तरीही पाणी चढलं नाही तर फोन करा. सुजातानं प्रत्येकाला विचारायचं, कुठलं पान वाचलं? जेवायला गेलेला माणूस फोन करत नाही.

२८ नोव्हें.
चंदगडहून एक फोन. गावातल्या सायबर कॅफेत लेख वाचला, कागदावर छापून शेतात नेला. "तळाची जाळी काढून धुतली. आलं की पाणी. दुसरा लेख कवा?"
अमर : "पंप आपला घेतलाय का दुसऱ्याचा, ते विचारलं का?"
आप्पा : "पाणी आलं म्हणतोय न्हवं."
इंग्रजी पानावरून फोन नाही.

३० नोव्हें.
महिनाअखेर. अमर काढतो म्हणत नाही, ठेवतो म्हणत नाही. एक फोन म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. तरी अकरावा लेख चढवला, चंदगडच्या त्या पाहुण्यासाठी. पान काढायचं असेल तर सांग, बोलल्याप्रमाणे माझ्याच हातानं काढीन म्हटलं.
पान कसं दिसतंय, घरून उघडून बघावंसं फार वाटतंय. घरचं कनेक्शन वगळलेलं नाही.
उघडलं नाही. आता जो येईल तो खरा.