कॉम्रेड नुबियाचा गॅस

सांतियागो, ३ मार्च २०१९

ती. आईस,
एबेर्तोचा नमस्कार. आधी आशीर्वाद दे, मग पुढं वाच.

तुझा फोन बिघडल्यापासून पत्रावर भागवतोय. अक्षर लागलं नाही तर शेजारणीकडून वाचून घे.

काल मंडईत बटाट्याच्या गोण्या उतरवताना मागून कुणी 'दादा' म्हणालं. वळून बघतो तर योर्वी! आपल्या गल्लीतल्या पक्षाच्या पुढारीणबाई, कॉम्रेड नुबियाचा लाडका लेक. बूट फाटके, तोंड एवढंसं. काम द्या म्हणतो. मुकादम माझं ऐकतो, हे त्याला कळलंय.

मी देश सोडला म्हणून त्याच्या आईनं तुला गद्दाराची आई ठरवलं आणि तुझा गॅस तोडला. सरकारी सिलिंडर फुकटासारखा, पण मिळणार बाईंच्या मर्जीनं! आपल्या गावात जमिनीखाली तेलच तेल, आणि तू खोकत लाकडं फुंकतेस. तुझं पत्र येईपर्यंत त्याला ताटकळत ठेवतो, मग चारचौघांत हाकलतो.

लोभ आहे तेवढा राहू दे, राग मात्र वाढव.
एबेर्तो

काबीमास, ३० मार्च

चि. एबेर्तोस,
देव तुझं भलं करो.

हाकलू नकोस, वेड्या. हाकललंस तर नुबिया एक दिवस शिव्या देईल आणि मोकळी होईल. कामाला लाव, जेवू घाल, आणि कुणाच्या हाताखाली आहे ते तिला कळू दे. याच सरकारनं गल्लीत पहिल्यांदा डॉक्टर पाठवला तेव्हा पक्षाचा लाल सदरा घालून मीही मोर्चात नाचले होते. सरकारचं नंतर बघू, आधी नुबिया.

लोभाची काळजी नको, तो काय इथल्या पंपावरचं पेट्रोल आहे आटायला?
आई

सांतियागो, २१ एप्रिल

ती. आईस,
नमस्कार, आशीर्वाद उधार नको.

लावला कामाला. सगळ्यात जड गोण्या दिल्या. रडला नाही, त्याचाच राग आला. वर माझ्याच खोलीत घोरतो. त्यानं आईला फोन केला तेव्हा मी हिसकावून सांगितलं, आमच्या दारी सिलिंडर गेला नाही तर तुमचं पोरगं रस्त्यावर.

माया असू दे.
एबेर्तो

काबीमास, १८ मे

चि. एबेर्तोस,
देव तुला अक्कल देवो.

सिलिंडर आला. नुबिया स्वतः ढकलत घेऊन आली, अख्खी गल्ली खिडकीत. घ्या ताई, म्हणाली. मी म्हटलं, आधी ओमाइराकडे ने. तिची लेक लिमाला गेली म्हणून तिचाही तूच तोडलास ना? पाय आपटत गेली, पण गेली. पुढच्या आठवड्यात दुसरा आणला. तो म्हाताऱ्या फुल्हेन्सियोकडे पाठवला. काल तिच्यामागून पोरं टाळ्या वाजवत निघाली होती.

माझ्या मक्याच्या अरेपा अजून लाकडावरच भाजते, वाईट लागत नाहीत. लोभ आहेच. योर्वीला नीट जेवू घाल, आजारी पडू देऊ नकोस, आणि मुख्य म्हणजे पळून जाऊ देऊ नकोस. माझ्याआधी अजून पाच घरं राहिलीत.
आई